गटात निर्णय असा घ्या की ज्याला पटला नाही तोही दुसऱ्या दिवशी कामाला येईल

आमच्याकडं लातूर-धाराशिव पट्ट्यात गट नाही असं गाव आता सापडायचं नाही. बचत गट आहेत, शेतकरी गट आहेत, उत्पादक कंपनी आहे, पाणलोटाची समिती आहे, एका डीपीवरच्या, म्हणजे विजेच्या एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या शेतकऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप तर प्रत्येक शिवारात आहे. गट काढणं सोपं झालंय पण चार बैठका झाल्या की लोक यायचे बंद होतात, मग सगळं ओझं दोघातिघांवर येतं आणि ते दोघं-तिघं वैतागून म्हणतात की लोकांना काही पडलेलंच नाही. मला हे अजिबात पटत नाही. लोकांना पडलेलं असतंय, त्यांच्या विहिरीचा, मोटरीचा, पोराच्या फीचा प्रश्न असतोय तो. ते यायचे बंद होतात कारण त्यांना कळलेलं असतंय की आपण जाऊन काही फरक पडत नाही, ठरायचं ते आधीच ठरलेलं असतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं की निर्णय झाला की नाही हे बैठकीत टाळ्या किती वाजल्या त्यावरून कळत नाही. ज्याच्या मनाविरुद्ध ठरलं तो माणूस दुसऱ्या दिवशी वर्गणी देतो का, पाण्याची पाळी पाळतो का, त्यावरून कळतं. खाली जे सगळं सांगतोय ते त्या एका माणसाला धरूनच.

उदाहरण एकच घेऊ म्हणजे गोंधळ नको. समजा गावाजवळ एक पाझर तलाव आहे, त्याच्या खाली पंचवीस-तीस जणांच्या विहिरी आणि बोअर आहेत, काहीजण थेट तलावात मोटरी टाकतात, काहींचा ऊस आहे, बाकीच्यांचा हरभरा आणि ज्वारी. दिवाळी झाली की पाणी कमी व्हायला लागतं आणि शिवरात्रीपर्यंत भांडणं सुरू. हे पाणी कसं वापरायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचंय.

आधी बघा, हा प्रश्न सगळ्यांचा आहे का

प्रत्येक गोष्टीला बैठक बोलावली की लोक कंटाळतात, हे सगळ्यात आधी लक्षात घ्या. गटाच्या पहिल्याच बैठकीत तीन कप्पे करून टाका. छोट्या गोष्टी, म्हणजे वही आणायची, झेरॉक्स काढायची, तालुक्याला जाऊन अर्ज द्यायचा, ह्या सचिवानं विचारायच्या भानगडीत न पडता करायच्या, फक्त खर्चाची मर्यादा ठरवून द्या, एक हजार म्हणा दोन हजार म्हणा, तुमच्या गटाच्या ऐपतीप्रमाणे. मधल्या गोष्टी पाचजणांनी बसून ठरवायच्या आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांना सांगायच्या. आणि ज्यात प्रत्येकाच्या खिशातून पैसे जाणार, प्रत्येकाचं पाणी कमी-जास्त होणार किंवा प्रत्येकाला काहीतरी सोडावं लागणार, तेवढ्याच गोष्टी सगळ्यांसमोर. तलावाचं पाणी ह्या तिसऱ्या कप्प्यातलं.

प्रश्न एका वाक्यात लिहा

"पाण्याचं काय करायचं" हा प्रश्न नाही, तो विषय आहे. असा विषय घेऊन बसलात की एकजण गाळ काढायचं बोलतो, दुसरा सरपंचाला शिव्या देतो, तिसरा वीस वर्षांपूर्वी तलाव कुणाच्या जमिनीत केला ते काढतो आणि दोन तासांनी सगळे उठून जातात. त्याऐवजी असं लिहा: "यंदा १ डिसेंबरपासून तलावातून थेट मोटर लावायची का, लावायची तर कोणी आणि आठवड्याला किती तास?" ह्याला उत्तर देता येतं. प्रश्नात तारीख पाहिजे, कुणाला लागू आहे ते पाहिजे आणि मोजता येईल असं काहीतरी पाहिजे. आणि हा प्रश्न निदान आठ दिवस आधी सगळ्यांपर्यंत पोचला पाहिजे, आयत्या वेळी विषय काढला की ज्याला बोलता येतं तोच जिंकतो.

प्रश्न लिहिताना उत्तर आतच घुसवू नका. "उसाची मोटर बंद करायची ना?" असं लिहिलं की ऊसवाले बैठकीलाच येणार नाहीत, आणि ज्यांच्या वागण्यावर सगळं अवलंबून आहे तेच नसतील तर तुम्ही ठरवून काय करणार.

कोण कोण पाहिजे, आणि ते येतील कधी

इथं मी थोडा जास्त वेळ घेतोय कारण बहुतेक निर्णय इथंच नासतात. यादी करताना गटाचे सभासद कोण ते बघू नका, ह्या निर्णयाचा भार कुणावर पडणार ते बघा. पाणलोटाच्या कामाचं उदाहरण घ्या. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान हे गावानं मान्य केल्याशिवाय असली कामं टिकत नाहीत, हे बरोबरच आहे. पण चराईबंदीला हात वर कोण करतं? ज्याला जमीन आहे तो. आणि बंदीचा भार कुणावर? ज्या आक्काच्या चार शेळ्या आहेत आणि गुंठाभर जमीन नाही तिच्यावर. ती बैठकीला नव्हती, तिला कुणी विचारलं नाही, मग रात्री तिच्या शेळ्या माळावर गेल्या की आपण म्हणतो गाव ऐकत नाही. तिला आधी विचारलं असतं तर कदाचित कडेचा एखादा तुकडा चराईला मोकळा ठेवून वरचा माळ जपता आला असता.

मराठवाड्यानं हे मोठ्या प्रमाणावर बघितलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी भागातली ५२ गावं नव्या जागी वसवली. घाई होती, लोकं उघड्यावर होती, त्यामुळं ज्यांनी काम केलं त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण पुष्कळ वसाहती सरळ रेषेत चौकोनी आखल्या गेल्या आणि जुनी गल्ली, वाडा, भावकी शेजारी-शेजारी राहायची ती रीत त्यात बसली नाही. घरात जास्त वेळ काढणाऱ्या बायकांना चूल कुठं, न्हाणी कुठं हे आधी विचारलं असतं तर पुष्कळ गोष्टी वेगळ्या झाल्या असत्या. पुढं घरांच्या दुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या कामात गावोगावच्या महिला मंडळांतून संवाद सहायक घेतल्या गेल्या, त्यांनी घरोघरी जाऊन माहिती दिली, अडचणी ऐकल्या. लोकांना विचारणं हे असं वेगळं काम आहे, त्याला माणूस नेमावा लागतो.

आता वेळ. आमच्याकडं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला टोळ्या निघतात, बीडकडून तर जास्तच पण इकडूनही जातात, आणि येतात ते होळी-पाडव्याच्या आसपास. म्हणजे डिसेंबरमध्ये घेतलेल्या बैठकीत गावातली ही घरं नाहीतच. त्यांचा संबंध असेल तर बैठक सप्टेंबरात घ्या. पुण्याला कंपनीत असलेली पोरं, ज्यांच्या नावावर सातबारा आहे, ती येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, हमखास गावाकडं येतात, तर अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बसा. प्रत्यक्ष येळवशीच्या दिवशी नाही, त्या दिवशी माणूस शेतात भज्जी-आंबील घेऊन बसलेला असतो, तिथं ठराव काढू नये. आठवडी बाजाराचा दिवस नको, पेरणीचा आठवडा नको. संध्याकाळची वेळ धरली तर धारा काढून झाल्यावरची धरा.

जागासुद्धा बघून ठरवा. मारुतीच्या पारावर बैठक ठेवली की बायका लांब उभ्या राहतात, काहीजण अजूनही पारावर बसायला अवघडतात, ते का हे गावात सगळ्यांना माहीत असतं. कुणाच्या वाड्यात ठेवली तर वाडेवाल्याच्या विरोधात कोण बोलणार. जिल्हा परिषदेची शाळा किंवा अंगणवाडी बरी पडते, सतरंजीवर सगळे एका पातळीला बसतात. खुर्च्या तीनच असतील तर त्या काढून टाका, म्हाताऱ्या माणसाला गुडघ्यामुळं लागली तर तेवढी ठेवा.

काय ठरवायचं त्याच्या आधी, कसं ठरवायचं ते ठरवा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. चर्चा तापल्यावर जर कुणी म्हणालं की चला मतदान घेऊ, तर हरणाऱ्या बाजूला वाटतंच की आपल्याला पाडायला नियम काढला. म्हणून विषय उघडायच्या आधी, डोकी थंड असताना, विचारून घ्या: एकमत झालं नाही तर काय करायचं?

मला स्वतःला सरळ बहुमत आवडत नाही. तीस जणांत सोळा विरुद्ध चौदा असा निर्णय झाला तर चौदाजण पाळी पाळणार नाहीत आणि चौदाजणांवर पहारा ठेवायला कुठल्याच गटाकडं माणसं नसतात. पण शंभर टक्के एकमताचा हट्टही वाईट, त्यात एक अडेल माणूस सगळ्या गावाला ओलीस धरतो. मधला रस्ता असा की प्रत्येकाला तीन उत्तरं द्यायची मुभा द्यायची. एक, पटलं. दोन, मला पटलेलं नाही पण चालेल, मी पाळीन. तीन, अजिबात नाही. तिसरं उत्तर देणाऱ्यानं कारण सांगायचं आणि त्याच्याऐवजी काय करता येईल तेही सांगायचं, नुसतं नाही म्हणून चालणार नाही. "पटलं" आणि "चालेल" मिळून सगळे असतील तर झालं. दोन-तीन "अजिबात नाही" असतील तर त्यांच्या कारणावर अजून एक फेरी बोला, आणि तरीही सुटलं नाही तर दोन तृतीयांशाच्या मतानं ठरवा. हे आधी ठरलेलं असलं की कुणाला फसवल्यासारखं वाटत नाही.

हात वर करून मत घेताना जपून. समोर सावकार बसलाय, ज्याच्याकडं सालगडी आहे तो मालक बसलाय, चुलत सासरे बसलेत, तिथं हात कुणाकडं बघून वर जातो ते सगळ्यांना दिसतं. अशा ठिकाणी गुप्त मत घ्या. चिठ्ठ्या लिहिता न येणारे असतील तर प्रत्येकाला एक तुरीचा आणि एक सोयाबीनचा दाणा द्या, तूर म्हणजे हो, सोयाबीन म्हणजे नाही, तोंडावर फडकं टाकलेल्या मडक्यात एकेकानं हात घालून एक दाणा टाकायचा आणि उरलेला खिशात. मोजायला दोन बाजूंची दोन माणसं. पाच मिनिटांत होतं आणि ज्या काकू कधीच तोंड उघडत नाहीत त्यांचं मत पहिल्यांदा मोजलं जातं.

एक गोष्ट मात्र सांभाळा, तुमची संस्था कायद्यानं बांधलेली असेल तर तिथले नियम वेगळे. ग्रामसभा महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे चालते, वर्षाला निदान चार व्हायला पाहिजेत, गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, ह्यातलं जे कमी असेल ते, आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. ही महिला सभा कागदावर उरकू नका, खरी घ्या, कारण पाण्याचं, दारूचं, शाळेचं जे बोललं जातं ते तिथंच बोललं जातं. शेतकरी उत्पादक कंपनीत शेअर किती का असेनात, वैयक्तिक सभासदाला मत एकच, सहकारी सोसायटीतही एक सभासद एक मत. बचत गटाला पंचसूत्री आहे, नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. माझं तर मत आहे की पुरुषांच्या शेतकरी गटांनी ह्या बाबतीत गावातल्या बचत गटाच्या वहीकडं जाऊन शिकावं.

बैठकीला आकडे घेऊन या

आकडा नसला की आवाज मोठा तो खरा. तलावाच्या उदाहरणात काय काय लागेल बघा. एक मिलिमीटर पाणी एक हेक्टरवर म्हणजे १०,००० लिटर, एकरी साधारण ४,००० लिटर. हरभऱ्याला पन्नास मिलिमीटरचं एक पाणी दिलं तर एकराला साधारण २ लाख लिटर, दोन पाणी दिली तर ४ लाख. उसाला पूर्ण वाढीला १५०० ते २५०० मिलिमीटर लागतं, म्हणजे एकरी ६० लाख ते १ कोटी लिटर. त्यातला पावसाचा वाटा वजा केला तरी एका एकर उसाच्या पाण्यात आठ-दहा एकर हरभऱ्याची दोन-दोन पाणी निघतात. मी इथं उसाच्या विरोधात बोलत नाही, उसाला हमखास गिऱ्हाईक आहे म्हणून माणूस तिकडं जातो हे मलाही कळतं. पण हा हिशोब खडूनं फळ्यावर लिहिला की चर्चा "तू" आणि "मी" ह्यावरून पाण्यावर येते, आणि कुणाच्या ड्रिपमुळं किती वाचतंय हेही मग बोलता येतं.

आकडे काढायचं काम दोन्ही बाजूंच्या माणसांना मिळून द्या. एक ऊसवाला आणि एक हरभरेवाला, दोघांनी बरोबर जाऊन पाच-सहा विहिरींची पातळी दोरी सोडून मोजायची, तलावात मोटरी किती आणि किती हॉर्सपॉवरच्या ते लिहायचं. दोघांनी मोजलेला आकडा कुणी खोटा म्हणत नाही. गावात अटल भूजल योजनेचं काम झालेलं असेल, लातूर, धाराशिव आणि जालना जिल्ह्यांतली गावं त्यात होती, तर पाण्याचा ताळेबंद ग्रामपंचायतीत पडलेला असेल, तो काढून बघा. कृषी सहायकाला बोलवा पण त्याला निर्णय सांगायला लावू नका, माहिती सांगून त्यानं बाजूला बसायचं.

बैठक चालवताना

तीन माणसं नेमा. एक चालवणारा, एक लिहिणारा, एक घड्याळ बघणारा. चालवणारा शक्यतो असा की ज्याला ह्या विषयात स्वतःचा फायदा-तोटा नाही, शाळेतले गुरुजी, आशाताई, शेजारच्या गटाचा कुणी. अध्यक्षच चालवतो आणि अध्यक्षाचाच ऊस असतो तेव्हा काय होतं ते सांगायला नको.

बोलायचा क्रम उलटा ठेवा. आपल्याकडं रीत अशी की तात्या आधी बोलणार, मग अण्णा, आणि तात्या बोलून गेले की त्यांच्या पुढं जाऊन वेगळं बोलणं म्हणजे मोठ्यांचा मान न ठेवणं, म्हणून बाकीचे "तात्या म्हणले तसंच करू" म्हणतात आणि बाहेर आल्यावर टपरीवर खरं बोलतात. म्हणून आधीच तात्यांकडं जाऊन सांगा, "तात्या, तुम्ही शेवटी बोला, पोरं काय म्हणायलीत ते ऐकून घ्या अन् मग तुमचं सांगा." मी बघितलंय की म्हातारी माणसं ह्याला राजी असतात, उलट शेवटचा शब्द आपला म्हणून त्यांना बरं वाटतं. सुरुवात सगळ्यात नवीन सभासदापासून करा आणि एका बाजूनं फेरी घ्या, प्रत्येकाला दोन मिनिटं, मधे कुणी तोडायचं नाही. ज्याला बोलायचं नाही तो "पुढं" म्हणेल, पण फेरी पूर्ण झाल्यावर त्याला परत एकदा विचारायचं.

लोक मोठ्या घोळक्यात बोलत नसतील तर तिघा-तिघांचे घोळके करून दहा मिनिटं आपसात बोलू द्या आणि मग एकानं तिघांचं म्हणणं सांगायचं. स्वतःचं म्हणून सांगायला जी मावशी लाजते ती "आमच्यात असं निघालं" म्हणून बिनधास्त सांगते. शक्य तिथं बायकांचे घोळके वेगळे करा, दीर-जावा एकत्र बसल्यावर कुणी बोलत नाही.

भांडण होणार. पाण्यावरनं बोलता बोलता बांधाचं भांडण निघणार, मग लग्नातल्या मानपानाचं. तेव्हा चालवणाऱ्यानं आवाज चढवायचा नाही, फळ्यावर एका कोपऱ्यात "नंतरचे विषय" असं लिहून तिथं तो विषय मांडायचा, "दादा, बांधाचं लिहून घेतलंय, त्याला वेगळं बसू, आज पाणी." लिहिलेलं दिसलं की माणूस शांत होतो, आपलं टाकून दिलं नाही हे त्याला दिसतं. आणि मग खरंच वेगळं बसा, नाहीतर पुढच्या वेळी तो कोपरा कुणी मानणार नाही. फारच तापलं तर चहा ठेवा, पंधरा मिनिटं सोडा, त्या पंधरा मिनिटांत दोघांना बाहेर नेऊन वेगवेगळं ऐका.

गप्प बसलेल्याचा अर्थ हो असा कधीच धरू नका. शेवटी नाव घेऊन विचारा, "बप्पा, तुमचं काय?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा, ती शांतता स्वतः बोलून भरून काढू नका.

दोनच पर्यायांवर अडकू नका

मोटरी चालू की बंद, एवढंच समोर ठेवलं की गावाचे दोन तट पडतात. निदान तीन पर्याय तरी फळ्यावर आल्याशिवाय मत घ्यायचं नाही असा नियम करा. तलावातल्या मोटरी आठवड्यातून तीन दिवस, किंवा उभा ऊस आहे तेवढा जगवायचा पण नवी लागण ह्या पाण्यावर नाही, किंवा ड्रिप असेल त्यालाच पाळी, किंवा फेब्रुवारीनंतर फक्त जनावरांना आणि प्यायला. बहुतेक वेळा शेवटी जे ठरतं ते ह्यातल्या दोघांचं मिळून झालेलं असतं, आणि प्रत्येक पर्यायाखाली लिहा की ह्यात कुणाचं नुकसान होणार आणि त्याला गट काय देणार. ऊसवाल्याला पाळी सोडायला सांगताय तर त्याला ड्रिपच्या अनुदानाचा अर्ज भरायला गटानं मदत करायची, असं काहीतरी. नुकसान उघड बोललं नाही तर ते पुढं चोरून चालवलेल्या मोटरीच्या रूपानं बाहेर येतं.

एकमत होत नसेल तर कायमचं ठरवू नका, एका हंगामापुरतं ठरवा. "ह्या रब्बीला करून बघू, पाडव्याला परत बसू" म्हटलं की "अजिबात नाही"वाले पुष्कळदा "चालेल"वर येतात.

लिहा, वाचून दाखवा, मग सह्या

प्रोसिडिंग बुक, म्हणजे बैठकीत काय ठरलं ते लिहायची वही, ही शोभेची वस्तू नाही. ठरावात काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, पैसे किती आणि कुठून, पाळलं नाही तर काय, एवढं आलं पाहिजे. सूचक-अनुमोदकाची नावं लिहा, आणि ज्याला पटलं नव्हतं त्याचं नाव आणि कारणही लिहा. लोक म्हणतात कशाला उगं वाद कागदावर आणायचा, पण आपलं म्हणणं वहीत आलंय हे दिसलं की माणूस गटात टिकतो, आणि पुढं त्याचंच बरोबर निघालं तर गटाला वही उघडून बघता येतं. बैठक उठायच्या आधी लिहिलेलं सगळं मोठ्यानं वाचा. कोऱ्या पानावर सही किंवा अंगठा कुणी घेत असेल तर देऊ नका, "नंतर लिहून घेतो" म्हणणारा माणूस कितीही जवळचा असो. पानाचा फोटो त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाका.

व्हॉट्सॲपबद्दल एवढंच की तिथं निरोप द्या, फोटो टाका, पण निर्णय घेऊ नका. अंगठ्याचं चिन्ह टाकलं म्हणजे मत दिलं असं नसतं, पुष्कळांकडं फोन पोराच्या हातात असतो, आणि लिहिलेल्या शब्दाचा सूर कळत नाही म्हणून तिथं पेटलेलं भांडण विझायला वेळ लागतो.

बैठकीनंतरचे आठ दिवस

जे आले नव्हते त्यांच्या घरी जा. ज्यांचं ऐकलं गेलं नाही त्यांच्या घरी आधी जा. हे काम अध्यक्षानं स्वतः करायचं, पोराला पाठवून नाही. समजूत घालायला जायचं नाही, "तुमची अडचण काय होणार सांगा" एवढं विचारायला जायचं.

पहिल्या आठवड्यात काहीतरी हललेलं दिसलं पाहिजे, तलावाच्या भिंतीला पाळीचा तक्ता लागला, मोटरींची नोंद झाली, असं डोळ्याला दिसणारं. आणि पैसे गोळा केले असतील तर हिशोब शाळेच्या फळ्यावर किंवा पंचायतीच्या भिंतीवर लावा, कुणी मागायची वाट बघू नका. गट फुटतात ते बहुतेक पैसे खाल्ल्यामुळं नाही, खाल्ले असतील ह्या संशयामुळं.

नियम मोडणारा निघतोच. पहिल्याच वेळी मोटर उचलून आणली तर पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर होतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्या अमेरिकन अभ्यासक बाईंना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी जगभरातली लोकांनी मिळून सांभाळलेली पाणी, कुरणं, जंगलं अभ्यासली, आणि टिकलेल्या ठिकाणी त्यांना दिसलेल्या गोष्टींपैकी दोन आपल्या कामाच्या: ज्यांना नियम लागू आहे त्यांना तो बदलायचा अधिकार असतो, आणि दंड हळूहळू चढत जातो. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला शेतकऱ्यांचंच पाणी न्यायालय आहे, ते दर गुरुवारी चर्चच्या दारात बसतं आणि तक्रारी तोंडी ऐकून तिथंच निकाल देतं. आपल्याला एवढं मोठं नको, पण चढती भाजणी ठेवता येते. पहिल्यांदा दोघांनी घरी जाऊन सांगायचं, दुसऱ्यांदा बैठकीत विचारायचं, तिसऱ्यांदा एक पाळी जाणार. आणि नियम अध्यक्षाच्या भावालाही तोच, पहिली पाळी त्याचीच गेली तर बाकीच्यांना परत सांगावं लागत नाही.

गट आधीच फुटायला आला असेल तर

तेव्हा मोठा विषय काढू नका. सगळ्यांना नको असलेली एक छोटी अडचण शोधा, डीपीकडं जाणारा चिखलाचा रस्ता, तलावाच्या सांडव्यातली काटेरी झुडपं, असं काहीतरी एका सकाळच्या श्रमदानात संपणारं. दोन्ही तटांचे दोन-दोन माणूस बोलवा, पैसे गोळा करू नका, काम संपल्यावर तिथंच बसून खा. असं दोन-तीनदा झालं की मग जुनी वही काढा, शेवटचा न पाळलेला ठराव वाचा आणि एवढंच विचारा की ह्यातलं काय जमलं नाही आणि का. त्या दिवशी नवीन काहीही ठरवू नका, फक्त लिहून घ्या, वाचून दाखवा आणि पुढच्या बैठकीची तारीख, वेळ आणि कुणी चालवायची त्याचं नाव ठरवून उठा.